‘रॉयल बॉबकॅट’ हे नाव आले कुठून, आणि अशी गाडी खरी आहे हे ओळखायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: विक्रीच्या एका जाहिरातीत ‘१९६५ पॉन्टिॲक जीटीओ, रॉयल बॉबकॅट’ असे लिहिलेले आहे. पॉन्टिॲकच्या (जनरल मोटर्सच्या मोटारींचा एक विभाग) त्या वर्षीच्या कॅटलॉगमध्ये बॉबकॅट नावाचे मॉडेल कुठेच नाही. मग हे नाव कोणी दिले, कशावरून दिले, आणि गाडी खरी बॉबकॅट आहे याची खात्री कशी करायची?

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो आणि जुन्या पॉन्टिॲकची इंजिने बांधतो. हा प्रश्न मला वरचेवर येतो. दर वेळी दोन ओळींत उत्तर देतो आणि दर वेळी वाटते की यातली मजा सांगायची राहूनच गेली. म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

कॅटलॉगमध्ये नाव सापडत नाही, कारण बॉबकॅट हे पॉन्टिॲकचे मॉडेल नव्हतेच. ते एका डीलरने दिलेले नाव आहे. डीलरचे नाव रॉयल पॉन्टिॲक, गाव मिशिगनमधले रॉयल ओक, मालक एस विल्सन. म्हणजे नावातला ‘रॉयल’ हा शब्द डीलरचा, आणि डीलरचे नाव गावावरून. गावाच्या नावामागची गोष्ट अशी सांगतात की १८१९ मध्ये मिशिगन टेरिटरीचे गव्हर्नर लुईस कॅस या भागात फिरत असताना त्यांना एक प्रचंड ओक वृक्ष दिसला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६५१ मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर एका ओकच्या झाडावर लपून वाचला होता. इंग्लंडमध्ये ‘रॉयल ओक’ म्हणून प्रसिद्ध असलेले ते झाड कॅस यांना आठवले आणि तेच नाव या जागेला मिळाले.

‘बॉबकॅट’ची कथा मात्र सर्वस्वी वेगळी आहे, आणि मला ती जास्त आवडते. हा प्राणी उत्तर अमेरिकेत खरोखर आहे, आखूड शेपटीचे रानमांजर. पण नाव ठेवताना कोणी प्राण्यांची यादी घेऊन बसले नव्हते. पॉन्टिॲकच्या दोन मोठ्या गाड्या तेव्हा जोरात चालत होत्या, बॉनव्हिल आणि कॅटालिना. दोन्हींच्या अंगावर नावाची चकचकीत अक्षरे असत. रॉयलच्या लोकांनी बॉनव्हिलमधली ‘बी’ आणि ‘ओ’ घेतली, कॅटालिनातली पहिली तीन अक्षरे ‘सी-ए-टी’ घेतली, आणि जुळवून गाडीवर ‘बॉबकॅट’ लिहिले. रोमन लिपीत ‘बॉबकॅट’ लिहून पाहा, म्हणजे एक गोष्ट लगेच लक्षात येईल. त्यात ‘बी’ दोनदा येतो. बॉनव्हिल या नावात तो एकदाच आहे, आणि कॅटालिनात तर नाहीच. म्हणजे एक ‘बॉबकॅट’ लिहायला एका कॅटालिनाची आणि दोन बॉनव्हिलची अक्षरे लागतात.

ही अक्षरे कुठून येणार? डीलरच्या स्वतःच्या पार्ट्स काउंटरवरून. त्या काळची गाडीवरची अक्षरे म्हणजे साच्यात ओतलेला जस्ताचा मिश्रधातू, वर क्रोमचा मुलामा. मागे बारीक खुंट्या, आणि त्या पत्र्याच्या भोकांत घालून आतून क्लिपने आवळायच्या. अपघातात बॉडी बदलली, रंग नव्याने मारला की ही अक्षरे लागतातच, त्यामुळे ती डीलरकडे सुटे भाग म्हणून असत. स्वतःचे नवे नाव ओतून घ्यायचे तर साचा बनवावा लागतो, पैसे मोजावे लागतात, थांबावे लागते. इथे तसे काहीच लागले नाही. आणि अक्षरे मूळ कारखान्याचीच असल्यामुळे त्यांची घडण आणि चकाकी बाकी गाडीशी जुळत होती. रस्त्यावर पाहणाऱ्याला वाटावे, पॉन्टिॲकने काढलेले हे कुठले नवीन मॉडेल, जे आपण ऐकलेले नाही?

माझ्या मते या नावाची खरी खुबी इथेच आहे. गाडीसुद्धा तशीच बनत होती. कॅटालिना ही पॉन्टिॲकच्या मोठ्या गाड्यांतली सगळ्यात स्वस्त आणि हलकी, बॉनव्हिल सगळ्यात वरची. बॉबकॅट सुरुवातीला कॅटालिनावरच तयार होई: हलकी बॉडी, त्यात पॉन्टिॲकचे ताकदवान इंजिन, आणि त्या इंजिनावर रॉयलच्या मेकॅनिकचा हात. बहुतेक सामान पॉन्टिॲकच्याच कपाटातले, फक्त जुळणी निराळी. नाव आणि गाडी दोन्ही एकाच पद्धतीने जुळवलेली, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

त्या काळच्या बाकी डीलरांकडे पाहिले की फरक कळतो. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा डॉन यँको स्वतःच्या आडनावाने शेव्हर्ले विकायचा, आणि १९६९ च्या त्याच्या कॅमॅरोवर ‘एसवायसी’ म्हणजे ‘यँको सुपर कार’ अशी अक्षरे असत. शिकागोत ‘मिस्टर नॉर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नॉर्म क्राउस यांची डॉजची डीलरशिप ग्रँड आणि स्पॉल्डिंग या दोन रस्त्यांच्या चौकात होती, म्हणून ती ग्रँड स्पॉल्डिंग डॉज, आणि त्यांच्या खास डार्टचे नाव ‘जीएसएस’, ग्रँड स्पॉल्डिंग स्पोर्ट. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बॉल्डविन शेव्हर्ले आणि मोशन परफॉर्मन्स यांनी मिळून काढलेल्या गाड्या बॉल्डविन-मोशन झाल्या. शिकागोच्याच निकी शेव्हर्लेने आपल्या पाटीवरचा ‘के’ उलटा काढला आणि तीच ओळख केली. मालकाचे आडनाव, चौकाचे नाव, भागीदारांची नावे. सुट्या भागांतून नाव फक्त रॉयलनेच काढले.

आता हे सगळे एका डीलरला करावेसे का वाटले, ते सांगायला हवे, कारण त्याशिवाय नावाचा अर्थ लागत नाही.

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉन्टिॲक ही वयस्कर, सावध माणसांची गाडी समजली जाई. १९५६ मध्ये सेमन ‘बंकी’ कनूडसन तिथे मुख्य झाला. तरुण माणसाची गाडी म्हाताऱ्याला विकता येते, पण म्हाताऱ्याची गाडी तरुणाला विकता येत नाही, हे त्याचे म्हणणे म्हणून आजही सांगितले जाते. त्याने बोनेटवरून जाणारे जुन्या वळणाचे चंदेरी पट्टे काढून टाकले, ताकद वाढवली, १९५९ मध्ये चाकांमधले अंतर रुंद करून ‘वाइड ट्रॅक’ची जाहिरात केली. पण अडचण होती. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांच्या संघटनेने ठराव केला होता की कंपन्यांनी शर्यतींत उघडपणे भाग घ्यायचा नाही. कारखान्याचे हात बांधलेले, पण डीलरचे मोकळे.

हे ज्याने नीट हेरले तो माणूस जिम वँगर्स. तो इंजिनिअर नव्हता, पॉन्टिॲकची जाहिरात करणाऱ्या मॅकमॅनस, जॉन अँड ॲडम्स या एजन्सीत होता. त्याला ड्रॅग रेसिंगचे, म्हणजे सरळ रस्त्यावर थांबलेल्या गाड्या एकदम सोडून लावायच्या शर्यतीचे, वेड होते. त्याने पॉन्टिॲकला सांगितले की डीलरांना वेगवान गाडी विकताच येत नाही, त्यांना ती शिकवली पाहिजे. मोठमोठ्या डीलरांनी फारसा रस दाखवला नाही. एस विल्सनने दाखवला. वर्षभरात फळ मिळाले: १९६० च्या सप्टेंबरात डेट्रॉइट ड्रॅगवेवर झालेल्या एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) नॅशनल्समध्ये वँगर्सने स्वतः रॉयलची कॅटालिना चालवून ‘टॉप स्टॉक एलिमिनेटर’ हा मान जिंकला. त्या गाडीचे नाव ‘हॉट चीफ नंबर १’. पॉन्टिॲक हे नाव ओटावा जमातीच्या अठराव्या शतकातल्या सरदाराचे, त्यावरून ‘चीफ’. बॉबकॅटच्या आधीचे रॉयलचे नाव ते हे. त्यात अजून कंपनीच्या बोधचिन्हाची सावली दिसते. बॉबकॅट हे नाव तिथून पुढचे पाऊल, कारण त्यात पॉन्टिॲकचा सरदार नाही, रॉयलचा स्वतःचा प्राणी आहे.

जागाही मोक्याची होती. वुडवर्ड ॲव्हेन्यू हा मोठा रस्ता डेट्रॉइटच्या मध्यातून निघतो आणि पॉन्टिॲक नावाच्या शहरापर्यंत जातो. रॉयल ओक या दोहोंच्या मधे. १९६० च्या दशकात संध्याकाळ झाली की त्या रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत, आणि त्यात मोटार कंपन्यांत काम करणारे इंजिनिअरही असत. तिथे बॉबकॅट जिंकली की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक रॉयलच्या दारात. आजही ऑगस्टमध्ये त्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो.

१९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आणखी कडक हुकूम काढला: कुठल्याही विभागाने शर्यतीला मदत करायची नाही. पॉन्टिॲकचा शर्यतीसाठीचा ‘सुपर ड्यूटी’ कार्यक्रम बंद पडला. त्यावर पॉन्टिॲकचा मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेली वाट म्हणजे १९६४ ची जीटीओ. मधल्या आकाराच्या टेंपेस्टमध्ये मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे ६.४ लिटरचे इंजिन. या आकाराच्या गाडीला ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही असा जनरल मोटर्सचा नियम होता. म्हणून जीटीओ हे नवे मॉडेल न दाखवता टेंपेस्टच्याच ‘ल मान्स’ या मॉडेलवरचे एक ऑप्शन पॅकेज म्हणून काढले. ५,००० गाड्या खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. ‘जीटीओ’ हे नावही फेरारीचे उचललेले, त्यावरून तेव्हा पुष्कळ ओरड झाली.

बॉबकॅटचे नाव खऱ्या अर्थाने देशभर गेले ते या जीटीओबरोबर. आता लोक म्हणतात ती ‘बॉबकॅट’ म्हणजे बहुधा ही. रॉयल काय करायचे ते नीट सांगतो, कारण ओळख पटवायला पुढे हेच उपयोगी पडते.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उचलून मूळ गास्केटच्या जागी पातळ गास्केट घालायचे, म्हणजे कॉम्प्रेशन वाढते. इनटेक मॅनिफोल्डच्या मधून धुराचा गरम रस्ता जातो, थंडीत कार्ब्युरेटर लवकर तापावा म्हणून. तो गास्केटनेच बंद करायचा, म्हणजे मिश्रण थंड आणि दाट राहते. कार्ब्युरेटरचे जेट बदलायचे. डिस्ट्रिब्युटर काढून टायमिंग लवकर पुढे सरकेल असे ठेवायचे. तीन कार्ब्युरेटरची ‘ट्राय-पॉवर’ असेल तर कारखान्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बाजूचे दोन कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवर उघडत, त्यांना थोडा वेळ लागे. रॉयल तिथे लोखंडी जोड बसवायचे, पायाखालचा पेडल दाबला की तिन्ही क्रमाने उघडणार.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात हुशारीचे काम रॉकरच्या नटांचे. पॉन्टिॲकच्या या इंजिनात रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी छोटी दांडी, एका स्टडवर बसतो. कारखान्याचा नट स्टडच्या खांद्याला टेकेपर्यंत ठरलेल्या जोराने आवळायचा आणि सोडून द्यायचा. सेटिंग असे काही नाही. आत हायड्रॉलिक टॅपेट, तो तेलाच्या दाबाने स्वतःच फट भरून काढतो. साध्या वापराला हे उत्तम. पण इंजिन खूप फिरवले की व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे पडते, क्षणभर फट तयार होते, टॅपेट ती इमानेइतबारे तेलाने भरतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. ताकद तिथेच तुटते. रॉयलने जागच्या जागी घट्ट राहणारे लॉकनट बसवले. आता नट खांद्यापर्यंत न नेता मधेच थांबवता येतो. टॅपेटचा आतला दट्ट्या त्याच्या वरच्या टोकाशी ठेवायचा, म्हणजे फट पडली तरी त्याला फुगायला जागाच उरत नाही. इंजिन आणखी काही शे आरपीएम वर जाते. महागडा कॅम नाही, नवे हेड नाही. मी स्वतः अशी इंजिने बांधताना हे सेटिंग गरम इंजिनावर, एकेक नट हळूहळू करत बसतो, आणि दर वेळी त्या मेकॅनिकांबद्दल आदर वाटतो. पुढच्या काळात या कामात मिल्ट शॉर्नॅकचे नाव मोठे झाले.

हे सगळे सामान रॉयल पोस्टानेही पाठवायचे, ‘बॉबकॅट किट’ म्हणून. दूरच्या राज्यातला पॉन्टिॲकवाला पाकीट मागवून घरच्या गॅरेजमध्ये बसवू शकत होता. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

कीर्ती कशी पसरली त्यात एक गोष्ट मात्र मला खटकते. ‘कार अँड ड्रायव्हर’ने मार्च १९६४ च्या अंकात जीटीओची चाचणी छापली. आकडे थक्क करणारे होते: शून्य ते ताशी ६० मैल ४.६ सेकंदांत, पाव मैल १३.१ सेकंदांत. त्या गाडीला रॉयलचा हात लागला होता एवढे वाचकांना माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की बोनेटखाली ३८९ नव्हतेच, मोठ्या गाडीचे ४२१ होते. पॉन्टिॲकची ही इंजिने बाहेरून जवळपास एकसारखी, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे अनेक वर्षांनी वँगर्सने स्वतः ते कबूल केले. बॉबकॅटचे ट्यूनिंग अस्सल होते, त्याला या आधाराची गरज नव्हती, असे मला मनापासून वाटते. आजही लोक ते ४.६ सेकंद ३८९ च्या बॉबकॅटचे म्हणून सांगतात, ते चूक आहे. पुढे १९६७-६८ मध्ये रॉयलने जीटीओत ४२८ घन इंचांचे इंजिन बसवून द्यायला सुरुवात केली, पण ते उघडपणे, गिऱ्हाइकाला सांगून.

दशक संपता संपता विमा महागला, विल्सनचे लक्षही दुसरीकडे वळले, आणि रॉयलचा हा परफॉर्मन्सचा धंदा लीडर ऑटोमोटिव्ह या कंपनीकडे गेला. ती डीलोरियनचा भाऊ जॉर्ज याची. नाव मात्र मोकळेच राहिले, कारण हा प्राणी कोणाच्या मालकीचा नाही. फोर्डच्या मर्क्युरीने १९७० च्या दशकात पिंटोचीच बहीण असलेल्या एका छोट्या गाडीला ‘बॉबकॅट’ म्हटले, तिचा रॉयलशी काही संबंध नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईत बांधकामावर माती उचलणाऱ्या छोट्या यंत्राला सगळे ‘बॉबकॅट’ म्हणतात. ते नाव नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीचे, १९६२ चे. काळ जवळपास तोच, पण वाट वेगळी.

आता तुमची जाहिरातीतली गाडी.

पहिली पायरी, ती जीटीओ तरी आहे का? १९६५ च्या गाडीचा चेसिस नंबर २३७ ने सुरू होतो, आणि तो फक्त ‘ल मान्स’ एवढेच सांगतो, कारण जीटीओ तेव्हा ऑप्शन होते. स्वतंत्र मालिका म्हणून २४२ हा आकडा १९६६ पासून आला. म्हणजे १९६५ ची जीटीओ चेसिस नंबरवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी पॉन्टिॲकचे जुने कागद सांभाळणाऱ्या पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्या गाडीच्या कारखान्याच्या बिलाची प्रत मागवा. त्यात कोणते ऑप्शन होते ते असते, आणि गाडी कोणत्या डीलरकडे गेली तेही.

दुसरी पायरी, बॉबकॅट. या प्रतीत बॉबकॅट हा शब्द कधीच सापडणार नाही, कारण काम कारखान्यातून गाडी निघाल्यावर झाले. सापडेल ते डीलरचे नाव. तिथे रॉयल ओकचे रॉयल पॉन्टिॲक असेल तर गाडी बॉबकॅट असण्याची शक्यता निर्माण होते, एवढेच. रॉयलने साध्या गाड्याही भरपूर विकल्या. आणि तिथे दुसरा डीलर असेल म्हणून गाडी खोटी ठरत नाही, ती मालकाने रॉयलकडे नेऊन करून घेतलेली किंवा पोस्टाच्या किटने केलेली असू शकते. त्या किटच्या गाडीला ‘रॉयल बॉबकॅट’ म्हणायचे का, यावर मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे: ती बॉबकॅट किट बसवलेली जीटीओ, रॉयलच्या हातची बॉबकॅट नव्हे. किमतीतही तो फरक दिसला पाहिजे.

यंत्रावरून किती कळते? व्हॉल्व्ह कव्हर उघडले की लॉकनट दिसतात. ट्राय-पॉवरचा लोखंडी जोड बाहेरूनच दिसतो. धुराचा रस्ता बंद आहे का, ते मॅनिफोल्ड काढल्यावर. हेड गास्केट पाहायला हेड उचलावे लागेल, आणि चालू इंजिनाचे हेड कोणी विकणारा तुम्हाला उचलू देणार नाही. पण यातले प्रत्येक सामान आज नवे बनवून मिळते, आणि साठ वर्षांत इंजिन दोन-तीनदा उघडले गेलेलेच असते. त्यामुळे हे असले तर बरे, नसले तर काही सिद्ध होत नाही, असले तरी पुरेसे नाही. गाडीवरची ‘बॉबकॅट’ अक्षरे आणि मागच्या खांबावरचे स्टिकर तर मी पुराव्यात धरतच नाही. ज्या अक्षरांनी हे नाव जन्माला आले ती कोणालाही जुळवता येतात.

म्हणून विकणाऱ्याकडे एकच गोष्ट मागा: रॉयलचा त्या काळचा कागद. बिल, कामाची वर्क ऑर्डर, पहिल्या मालकाशी झालेला पत्रव्यवहार, काहीही, पण त्यावर गाडीचा नंबर हवा. तो असेल तर मूळ कागद हातात घेऊन पाहा, फोटोवर विसंबू नका. नसेल तर गाडी चांगल्या जीटीओच्या भावाने घ्या, आणि ‘बॉबकॅट’ या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका.